नवव्या नंबरची तबकडी

व्हर्लनं निवडुंगाखालून कुणाची तरी हिरवी तबकडी काठीनं ओढून काढली, डोळे मिटले आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"डावखुरा आहे," तो म्हणाला. "तापट. आणि हल्लीच शिकलाय."

त्याच्या मुलीनं, जॅनीलनं, आपला डावा हात खिशात घातला.

गुडघा बदलल्यानंतर व्हर्ल आज अकरा आठवड्यांनी खेळायला आला होता. लाल खडकातलं हे डिस्क गोल्फचं मैदान म्हणजे त्याचं दुसरं घर. चेंडूऐवजी तबकडी, खळग्याऐवजी खांबावर साखळ्यांची टोपली, प्रत्येक टोपलीला नंबर, आणि गवताच्या नावानं शंख. इथं तबकडी पडते ती खडकावरच. वर्षभरात तिची कड कुत्र्यानं चघळल्यासारखी होते.

"डावखुरा कशावरून?" जॅनीलनं होईल तितक्या सहज विचारलं.

"खडकावर घासली की प्लॅस्टिकची कुसळं उभी राहतात. उजव्या हातानं फेकली तर ती एकीकडे झुकतात, डाव्या हातानं फेकली तर दुसरीकडे. एवढी वर्षं माझ्याबरोबर खेळतेस आणि हे माहीत नाही?"

तबकडीच्या खाली फोन नंबर लिहिलेला होता. इथं सगळेच लिहितात. व्हर्लनं फोन लावला, तबकडी पहिल्या नंबरच्या फळीवर ठेवतोय, असा निरोप ठेवला आणि खूश होऊन पुढे निघाला. जॅनील मागून चालत राहिली. तिचा डावा हात अजून खिशातच होता.

तिला नाक आईचं मिळालं होतं, हट्ट आईचा मिळाला होता आणि हातही आईचाच, डावा.

व्हर्लच्या पिशवीत तेरा तबकड्या असत. बारा कुणीही घ्याव्यात. तेरावी, नारिंगी, मात्र फक्त त्याची. तरुणपणी त्यानं त्याच तबकडीनं नवव्या नंबरला एका फेकीत टोपली गाठली होती. तेव्हापासून ती फक्त नवव्या नंबरलाच बाहेर निघे, दर खेपेला एकदा. तिथं खाली मऊ वाळूचा ओढा होता, त्यामुळे तिला नवा ओरखडा पडत नसे. इतरांनी तिला हात लावायचा नाही, असा घरात कायदाच होता.

तो कायदा जॅनीलनं बाप इस्पितळात असताना मोडला. सहज, एकदा फेकून बघू म्हणून. चौथ्या नंबरला वारा आला आणि तबकडी खडकाच्या फटीत गेली. त्या फटीनं निम्म्या गावाच्या तबकड्या गिळल्या होत्या. ती खाली खाली आपटत गेलेली जॅनीलला ऐकू आली, मग काहीच ऐकू आलं नाही.

बाप चिडला असता तर तिनं सोसलं असतं. तो चिडला नसता. आई, म्हणजे आर्डिस, चार वर्षांपूर्वी गेली तेव्हा तो सहा महिने खिडकीशी गप्प बसून होता. या मैदानानंच त्याला पुन्हा बोलतं केलं होतं. तो खिडकीशी परत जाऊन बसेल, याचीच तिला धास्ती होती.

तिनं त्याच साच्याची जुनी, न वापरलेली तबकडी मिळवली. छपरावर उन्हात ठेवून रंग उडवला. बापाच्या अक्षरात नाव आणि तारीख लिहून अर्धी पुसली. आणि रोज संध्याकाळी घरामागच्या खडकांवर ती फेकफेक फेकली, अगदी मन लावून. फक्त हाताचा विचार तिच्या डोक्यात आला नाही.

चौथ्या नंबरला व्हर्ल त्या फटीकडे बघून हसला आणि पुढे गेला. सहाव्याला जॅनीलची तबकडी भलतीकडे गेली. "लक्ष कुठंय तुझं?" त्यानं चिडवलं. तिनं उन्हावर ढकललं.

नववा नंबर आला. त्यानं नारिंगी तबकडी काढली, डोळे मिटले आणि अंगठा कडेवरून फिरवला. एक फेरा. मग थांबला. पुन्हा एक फेरा, उलट्या दिशेनं, सावकाश. सगळं सांगून टाकावं असं जॅनीलला वाटलं.

"अगदी तशीच आहे," व्हर्ल म्हणाला.

त्यानं फेकली. झिजलेली तबकडी जशी आधी उजवीकडे कलते तशी ती कलली, लांब तरंगत गेली आणि टोपलीपासून दोन हातांवर वाळूत निजली. जॅनीलला इतकं हायसं वाटलं की तिनं टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याचा अंगठा बोथट झाला म्हणायचा. तिला त्याचं वाईट वाटलं आणि आनंदही झाला.

शेवटी दोघं जुनिपरच्या झाडाच्या सावलीत बाकावर बसली. तिनं सँडविचं आणि रूट बियरचे डबे काढले. त्याचा गुडघा दुखत नव्हता. उद्याही येऊ, तो म्हणाला. परवाही. तिनं मान डोलावली. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर भूक लागली होती.

"चौथ्या नंबरला ना?" व्हर्लनं खाता खाता विचारलं.

"काय चौथ्या नंबरला?"

"घालवलीस ती."

जॅनीलनं सँडविच खाली ठेवलं. "बाबा, मी सांगणारच होते. तुमची ती एवढी जपलेली—"

"माझी केव्हाच गेली, पोरी. तू दोन वर्षांची होतीस. तुझ्या आईनं त्याच फटीत घालवली आणि महिनाभर गॅरेजमागं नवी आपटत बसली. मला कळलं नाही असंच तिला शेवटपर्यंत वाटत होतं." त्यानं नारिंगी तबकडी मांडीवर घेतली आणि कडेवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. "तिचीही कुसळं अशीच उलटी लागायची."