बॅनर दिसत नाही

पूरसुरक्षेच्या सरावाचा फोटो तालुक्याच्या साहेबांनी पाच वेळा नापास केला होता. त्यामुळे मुलांना एवढंच पाठ झालं होतं : शिट्टी वाजली की बॅनर धरायचा, मैदानात रांगेत उभं राहायचं आणि हसायचं.

आज नदी खरोखरच कुंपणाशी आली. मुख्याध्यापिका चौगुलेबाईंनी जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकली. "टेकडीवर पळा!" त्या ओरडल्या. मुलं बॅनर धरून रांगेत उभी राहिली.

"बाई, लवकर काढा की फोटो," पहिलीतली एक पोर हसू न मोडता म्हणाली, "पाय भिजाय लागले."

तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या हौसामावशींनी पातेलं डोक्यावर घेतलं आणि टेकडीची वाट धरली. "भूक लागलीय त्यांनी माझ्यामागं या!" बॅनर चिखलात टाकून सगळी शाळा धावली.

टेकडीवर बाईंनी डोळे पुसले आणि जेवणाऱ्या पंगतीचा फोटो साहेबांना पाठवला. खाली शाळेचे नुसते पत्रे दिसत होते.

उत्तर लगेच आलं : "बॅनर दिसत नाही. शिवाय खिचडी आवाराबाहेर का वाटली, याचा लेखी खुलासा शाळेच्या शिक्क्यासह आजच सादर करावा."