समुद्रातली चीर

नकाशे काढण्यात केस पांढरे झालेले भूगोलकाका सांगत, "गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची, तर संत्र्याच्या सालीसारखी कुठेतरी चिरावीच लागते." ती चीर ते नेहमी भर समुद्रातून नेत. तिथे कुणाचं घर नसतं, कुणाची तक्रार येत नाही.

या आठवड्यात त्यांनी लेकीच्या रिकाम्या खोलीत नवा नकाशा लावला. काकू चष्मा लावून जवळ गेल्या आणि उखडल्याच.

"अहो, आपलंच गाव चिरलंत की! अर्धं या टोकाला, अर्धं त्या टोकाला. डोळे मिटून काढलात का? नेहमीसारखी समुद्रातून न्यायला काय झालं होतं?"

नकाशाच्या मधोमध पसरलेल्या अखंड निळ्या पाण्यावरून काका हात फिरवत राहिले.

"कशी नेऊ? परवापासून पोरगी जहाजावर आहे ना गं."