सासरचं नाव

“आजी, आज वार कोणता?” डॉक्टरांनी विचारलं.

“बाजाराचा,” म्हातारी म्हणाली.

डॉक्टर हसले. नागभीडला त्या दिवशी बाजारच भरला होता, तेव्हा उत्तर चुकलं असं म्हणायची सोय नव्हती.

देवाजी मात्र हसला नाही. बायकोला खाचरात, त्या छोट्या बैलगाडीत बसवून त्यानं दवाखान्यात आणलं होतं ते काही हसण्यासाठी नव्हे. महिनाभर घरात नुसता धुमाकूळ चालला होता. वरणात मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. नातवाला हाक मारायची तर म्हातारी आधी मुलाचं नाव घ्यायची, मग मेलेल्या दिराचं, मग बैलाचं. तोवर नातू गावाबाहेर पोचलेला असायचा. सून कमळा म्हणाली, आत्याबाईंचं डोकं काम देत नाही, चूल आता माझ्या हाती द्या. म्हातारी म्हणाली, मी मेल्यावर घे. शेवटी देवाजीनं न्याय केला. डॉक्टर म्हणेल ते खरं. त्यानं डोकं गेलं म्हटलं तर चूल कमळाची. असा चोख न्याय आपल्याला सुचला याचं त्याला फार कौतुक वाटलं होतं.

चूल गेली की आपण ओसरीवरचं गाठोडं, हे म्हातारीला पक्कं ठाऊक होतं. शेजारणीच्या सासूचं तेच झालेलं तिनं पाहिलं होतं.

“सकाळी भाजी कशाची केली होती?” डॉक्टरांनी विचारलं.

म्हातारी पदराची गाठ सोडू लागली. कमळानं सासऱ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

“बरं, लहानपणचं काही आठवतं का?”

मग काय विचारता! माहेरच्या तळ्यात एकदा म्हैस रुतली होती. ती काढायला कोण कोण आलं, कोण नुसतंच काठावरून ओरडलं, कुणाचं धोतर सुटलं आणि ते बघून कुणाची बायको हसली, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. बाहेर बसलेले रोगीही दाराशी येऊन ऐकू लागले.

“हे असंच असतं,” डॉक्टर देवाजीला म्हणाले. “लहानपणी डोक्यात जे शिरतं ते खोल बसतं. वय झालं की अलीकडचं आधी निसटतं. नावं तर हमखास निसटतात. सगळ्यांचंच होतं.”

“सगळ्यायचं काऊन जी?” देवाजीला ते लागलं. “मी तर हिच्याहून मोठा हाव. मले कुठी काय झालं? पहिली बैलजोडी लाल्या-पोवळ्या. मंग चंद्र्या-मुंगश्या. मंग धवळ्या, तो वाघानं नेला. त्याच्या जागी कोसऱ्या आणला...”

“वा!” डॉक्टर म्हणाले. “मग आता आजींचं नाव सांगा. औषधाच्या बाटलीवर लावायला हवं.”

“डोमाची माय.”

“ते मुलाचं झालं.”

“नवरगाववाली.”

“ते माहेर झालं. नाव?”

देवाजीनं तोंड उघडलं. जिभेवर नुसती बैलांचीच नावं आली. आयुष्यभर त्यानं तिला ‘ऐकलं का’ म्हणून बोलावलं होतं आणि ती आली होती. नावाची कधी गरजच पडली नव्हती. त्यानं कमळाकडे पाहिलं. तिला ‘आत्याबाई’च्या पलीकडे काही माहीत नव्हतं. निवडणुकीच्या यादीसाठी घरी आलेला माणूससुद्धा ‘डोमाची आई’ एवढंच लिहून गेला होता. आपलंच डोकं गेलं की काय या विचारानं देवाजी खरोखर घाबरला.

“आजी, तुम्हीच सांगा,” डॉक्टर म्हणाले.

म्हातारी ताठ बसली. “माहेरचं सुकरी. शुक्रवारची म्हून. ” तिनं देवाजीकडे बोट केलं. “सासरचं याईनंच ठेवलं. लग्नात भटजीनं याईचा हात धरला अन् याईनं ताटातल्या तांदळावर बोटानं लिवलं. आता याईलेच इचारा जी.”

“तुम्हाला आठवतं ना?”

“मले नाई आठवन त कोनाले आठवन?” तिनं डॉक्टरांच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारलं.

डॉक्टरांनी निकाल दिला. आजींचं डोकं जागेवर आहे, चूल त्यांच्याकडेच राहू द्या. मीठ घातलं की एकदा चव घ्यायची, एवढंच. आजोबांनी मात्र जरा सांभाळून राहावं. कमळाचा चेहरा पडला. म्हातारी कुणाचा हात न धरता खाचरात चढली.

परतीच्या वाटेवर कमळा मागे बसल्या बसल्या झोपी गेली. देवाजी बैल हाकत होता, पण त्याचं लक्ष बैलांत नव्हतं.

“भागरथा?” त्यानं हळूच विचारलं.

म्हातारी बांध्यांत उभ्या धानाकडे पाहत राहिली.

“कौसल्या? का जनाबाई?”

ती नुसती गालात हसली. देवाजीला स्वतःची लाज वाटली. एवढा मोठा संसार झाला, आणि आपण हिला बैलाइतकंही ध्यानात ठेवलं नाही.

“सांग नं,” तो काकुळतीला आला. “तुह्या चुलीचं नाव काढनार नाई. कोनाले सांगनार नाई. काय ठेवलं होतं मी?”

म्हातारीनं वळून सून झोपल्याची खात्री करून घेतली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“मले काय मालूम? जन्मात एकडाव तरी त्या नावानं हाक मारली असती, त राह्यलं असतं नं ध्यानात!”