दोष आढळला नाही

"आज गाडी आत न्यायची नाही," ताइस्तो म्हणाला आणि किल्ली त्यानं खिशातच ठेवली. "अंगणात राहू दे. चांगली गार पडू दे."

काउंटरमागच्या योन्नानं काचेतून बाहेर पाहिलं. उणे सव्वीस. "अहो ताइस्तो, वर्कशॉप मस्त उबदार आहे. मेकॅनिकची बोटंही माणसाचीच असतात."

"तिथंच तर सगळा घोळ आहे. तीनदा तुम्ही तिला रात्रभर उबेत ठेवलीत आणि तीनदा कागदावर लिहिलंत, दोष आढळला नाही. उबेत ती शहाण्यासारखी वागते गं. थंडगार असताना सुरू केली, की दहा-अकरा मिनिटांत भर जंगलात बंद. मागच्या आठवड्यातला व्हिडिओ दाखवला ना तुला?"

"कंपनी व्हिडिओ मानत नाही. आमच्या माणसानं स्वतः बघावं लागतं." हे वाक्य योन्नाला पाठ होतं. "वॉरंटी आज संपतेय का?"

"आज. आणि उद्या सकाळी सातला बायकोचं, इर्याचं डायलिसिस आहे. सत्तर किलोमीटर."

एवढंच बोलला तो. मागच्या आठवड्यात इर्याचे ओठ निळे पडले होते, ही काही काउंटरवर सांगायची गोष्ट नाही.

"बरं. साडेतीनला मी स्वतः बसते तुमच्या गाडीत," योन्ना म्हणाली. "चारला दुकान बंद."

ताइस्तो काचेजवळच्या खुर्चीत बसला. फुकटची कॉफी तीन कप झाली. बाहेर बारीक बर्फ पडत होतं, पडतंय की नुसतं तरंगतंय ते कळत नव्हतं. बघता बघता त्याचा डोळा लागला. गाडी जंगलात उभी होती आणि शेजारी इर्या हातमोजा विणत बसली होती. लोकर खिडकीतून बाहेर जात होती, झाडांमधून, तळ्यावरून, कुठवर कोण जाणे. गारठशील, आता पुरे, तो म्हणाला. इर्या म्हणाली, एवढी ओळ होऊ दे.

जागा झाला तेव्हा बाहेर सगळं निळं झालं होतं. साडेतीन. त्यानं गाडीकडे पाहिलं. तिच्या नाकाडातून एक काळी वायर निघून अंगणातल्या खांबाला गेली होती. इंजिन गरम ठेवायची वायर.

"ही कुणी लावली?"

योन्नाचा चेहरा उतरला. "मीच. जेवायला बाहेर पडले, तर ती बिचारी एकटी गारठत उभी होती. हात आपोआप गेला हो."

तिला तरी काय बोलणार. आमच्या उत्तरेत ज्याच्याशी जन्मात पटलं नाही, त्याच्या गाडीलाही माणूस जाता जाता वायर लावून देतो आणि वर त्याचं नावही घेत नाही.

ताइस्तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खाली बसला. "चांगलंच केलंस पोरी," तो म्हणाला. "लिही आता. चौथ्यांदा."

योन्नानं कागद ओढला, पेन्सिल उचलली. मग कागद-पेन्सिल तशीच खिशात घातली.

"दुकान चारपर्यंत असतं," ती म्हणाली. "वॉरंटी रात्री बारापर्यंत."

कोट न घालताच ती बाहेर गेली आणि वायर उपटून आली. चारला तिनं दाराला आतून कडी लावली, दिवे मालवले. नव्या कोऱ्या गाड्यांच्या मध्ये दोघं अंधारात बसून राहिले. बाहेर एकाच दिव्याखाली ताइस्तोची गाडी उभी होती. तिच्या काचेवर खालून वर बर्फाची नक्षी चढत होती आणि दोघं ती बघत होते. दोन तास असे गेले.

सहाला ते निघाले. योन्नाच्या सीटवर एक घोंगडी होती आणि इर्याची विणकामाची पिशवी. पिशवी तिनं मांडीवर घेतली. रस्ता तळ्याच्या कडेनं जात होता, बर्फ दिव्यांच्या उजेडात यायचं आणि बाजूला व्हायचं. आठ मिनिटं झाली. नऊ. दहा. गाडी बंद पडू दे म्हणून ताइस्तो आयुष्यात पहिल्यांदाच मनातल्या मनात विनवत होता.

अकराव्या मिनिटाला इंजिन गप्प झालं. धक्का नाही, आवाज नाही. गाडी थोडी पुढे घसरली आणि थांबली.

"बंद पडली," योन्ना म्हणाली. हा तिचा काउंटरवरचा आवाज नव्हता.

"हं."

जी काय थोडी ऊब होती, ती पायांकडून जायला लागली.

"मागच्या आठवड्यात किती वेळ थांबलात?"

"पन्नास मिनिटं."

योन्नानं घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं झाली होती.

"इर्या कुठे बसल्या होत्या?"

"तू बसलीस तिथंच."

तिनं घोंगडी छातीपर्यंत ओढली. मग खिशातून कागद काढला, पण बोटं वळेनात. ताइस्तोनं पिशवीत हात घालून हातमोजा काढला. एकच पुरा झाला होता. जाड, लाल. तो घालून पेन्सिल नीट धरता येईना, तेव्हा तिनं ती मुठीत धरली. वर तिच्याच सुबक अक्षरात तीनदा लिहिलेलं होतं, दोष आढळला नाही. त्याखाली तिनं पहिलीतल्या मुलासारखं मोठं, वाकडं, चौकटीबाहेर जाणारं लिहिलं: आढळला.

"तारीख घाल," ताइस्तो म्हणाला आणि त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं.