मैना आणि ओंडक्यांचा पूल

"आबा, सारखं शाळेच्या फाटकाकडं काय बघताय?" शिवांजलीनं विचारलं.

"बस येळंवर येती का बघतोय," आकाराम म्हणाला. खरं तर आज बस चुकावी असंच त्याला वाटत होतं.

कुंडलच्या शाळेत प्राण्यांच्या ओळखीचा तास होता. बाकीच्या पोरांनी म्हैस, मांजर, पोपट असं सोपं सोपं घेतलं होतं. सहावीतल्या शिवांजलीनं खेचर घेतलं, कारण तिच्या आजोबांनी फौजेत वीस वर्षं खेचरं सांभाळली होती. एवढ्यावर ती थांबती तर बरं होतं. पण तिनं परस्पर शिराळ्याला फोन करून धुळालाही बोलावलं. धुळा म्हणजे आकारामचा फौजेतला सोबती. बर्फात त्याचा पाय मोडला आणि मैना नावाच्या खेचरानं त्याला पाठीवरून खाली आणलं, ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती.

त्या गोष्टीत एक खोटं होतं. आकाराम ते साहेबांसमोर एकदाच बोलला आणि पुढं तीस वर्षं निस्तरत बसला. धुळासमोर तो विषय त्यानं कधी निघू दिला नाही. दर बेंदराला, बैलांच्या सणाला, धुळाच्या घरून मैनेच्या नावानं पुरणपोळ्यांचा डबा यायचा, आणि आकारामच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आज भर वर्गात खोटं उघडं पडलं तर मित्र जाणार आणि नातीच्या नजरेतनं तो उतरणार. सकाळपासून त्याला चहासुद्धा गोड लागला नव्हता.

बस वेळेवर आली. चुकावी म्हटली की ती हमखास येते. धुळा लंगडत फाटकातून आत आला.

"काय रं गड्या, तोंड का उतरलंय?"

"झोप न्हाई झाली," आकाराम म्हणाला.

दोघांना वर्गात मागच्या बाकावर बसवलं. शिवांजली फळ्यापाशी उभी राहिली.

"खेचराचा बाप गाढव आणि आई घोडी. खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत. थोड्या चाऱ्यावर ते ओझं घेऊन मोठा डोंगर चढतं. लोक त्याला हट्टी म्हणतात. पण पायाखालच्या जागेचा भरवसा वाटला नाही तर ते पाऊल टाकत नाही, मग कितीही ओढा. आमचे आबा म्हणतात, हा हट्ट नव्हे, ही अक्कल."

पोरं हसली. आकारामनं टोपी काढली, परत घातली.

"आबांची मैना तर सगळ्यांत हट्टी. साहेबांनी तिला काढून टाकायच्या यादीत घातलं होतं. यादीत गेलेलं जनावर परत कुणाला दिसत नसे. त्याच आठवड्यात बर्फात या धुळाआबांचा पाय मोडला. आबांनी त्यांना मैनेच्या पाठीवर बांधलं आणि ओढ्यावरच्या दोन ओंडक्यांच्या पुलावरून छावणीत आणलं. मग साहेबांनी यादीतलं तिचं नाव खोडलं. पुढं नऊ वर्षं ती फौजेत राहिली."

टाळ्या वाजल्या. धुळाही वाजवत होता. सुटलो, असं आकारामला वाटलं.

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या क्रांतीनं हात वर केला. "भरवसा नसेल तर खेचर पाऊल टाकत नाही म्हणालीस. मग बर्फातल्या ओल्या ओंडक्यांवर, माणूस घेऊन मैना गेली कशी?"

शिवांजली गडबडली. "आबा, सांगा की."

आकाराम उठला. "तिला लय चुचकारलं... गूळ दाखवला."

"पण कितीही ओढलं तरी जात नाही, असं तुम्हीच म्हणता ना?" क्रांती म्हणाली.

पोरं मागं वळून बघू लागली. बाईही त्याच्याकडं बघत राहिल्या. नातीच्या डोळ्यांतला विश्वास आता त्याला सोसवेना. तो धुळाकडं वळला.

"गड्या, मला माफ कर. मी साहेबाला खोटं सांगितलं, आन् तुलाबी अंधारात ठेवलं. खरं काय ते आज सांगतो..."

"तू खाली बस," धुळा म्हणाला. बाकाचा आधार घेत तो स्वतः उठला आणि क्रांतीकडं बघून सावकाश बोलू लागला.

"पोरी, तुजं बराबर हाय. मैना पुलावर आलीच न्हाई. लांबच्या वाटंनं मागनं आपली आपण आली. मी बेशुद्ध हाय असं ह्याला वाटलं. मी सगळी वाट जागा होतो, ह्याच्या पाठीवर."