खांद्यातला चुना

"आणखी वर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ढवळूचा उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि अडला. त्याने दात आवळले, कपाळावर घाम फुटला, पण हात पुढे सरकेना.

बाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. हाडं ढवळूला ओळखू आली. पण खांद्याच्या टोकाशी, जिथे हाड नव्हतं, तिथेही तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी पांढरं दिसत होतं.

"मांस हाडाला बांधून ठेवणारी एक दोरी असते. ती मऊ हवी. तुमच्या दोरीत चुना साचलाय. काम काय करता?"

"भिवंडीकडं जातो, भंगारात. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या नि आतला शिसा भट्टीत वितळवायचा."

बाईंनी एक्स-रे खाली ठेवला. "शिसं अंगात गेलं की शरीर फसतं. त्याला चुनाच समजतं, हाडात नेऊन ठेवतं. मग चुन्याची सगळी व्यवस्था बिघडू शकते. नको तिथे तो साचायला लागतो. खांदा हळूहळू सुटेल, व्यायाम दाखवते. भट्टीवर मात्र परत जायचं नाही."

ढवळूने मान हलवली. एवढंच असेल तर बरं, असं त्याला वाटलं. घरी जायची घाई होती. जामसरचे पाहुणे आज यायचे होते, त्याच्या दुसऱ्या लग्नाचं बोलायला. आईनेच बोलावलं होतं. त्याच्या बायकोच्या, गंगीच्या पोटी पोर टिकत नव्हतं. अंगारे-धुपारे करणारा भगत म्हणाला, बाईच्या अंगाला दोष आहे. पाड्यावर सगळे तेच म्हणू लागले. ढवळू हो म्हणाला नव्हता. नाहीही म्हणाला नव्हता.

"कामाचे कपडे कोण धुतं?" बाईंनी विचारलं.

"ही." त्याने दाराशी उभ्या असलेल्या गंगीकडे बोट दाखवलं.

गंगी दर हंगामाला त्याच्यासोबत जायची. नागली-भात घरात आलं की दोघं आपलं गाव, सूर्यमाळ, सोडायची आणि भट्टीच्या शेडमागच्या खोपट्यात राहायची. भट्टीला तिने कधी हात लावला नाही. भाकऱ्या भाजायच्या, पाणी भरायचं, त्याचे कपडे धुवायचे. संध्याकाळी तो आला की त्याचा सदरा ती आधी बाहेर नेऊन झटकायची. त्यावरची शिशाची पूड त्याच्या ताटात पडू नये म्हणून. झटकताना तिचं तोंड, केस, पापण्या राखाडी व्हायच्या.

"मुलं किती?"

गंगीने जमिनीकडे पाहिलं. ढवळूच बोलला, "पोर टिकत नाय तिला."

बाईंनी गंगीला आत बोलावून खुर्चीवर बसवलं.

"कपड्यांवरची शिशाची पूड श्वासातून जाते, हातातोंडातून जाते. बाईच्या रक्तात गेली की पोटातल्या बाळापर्यंत पोचते. पुरुषाच्या बीजालाही बाधते. कदाचित त्यानेच झालं असेल. दोघांचं रक्त तपासायला पाठवते. पण जे होऊन गेलं, त्याचं कारण आता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही."

जव्हारहून निघालेल्या जीपमध्ये दोघं शेजारी बसली होती. मोखाडा मागे पडला. मग गंगी बाहेर बघतच म्हणाली, "मंग माझ्यात काय दोष नव्हता?"

ढवळूला मागचं आठवलं. प्रत्येक वेळी पोर गेलं की ती कोपऱ्यात तोंड फिरवून पडून राहायची, आणि तो बाहेर ओट्यावर बसून भगताचं बोलणं खरं असेल का, याचा विचार करत राहायचा. एकदाही आत जाऊन तिच्याजवळ बसला नव्हता.

पाड्यावर पोचले तेव्हा पाहुणे अंगणात खाटेवर बसलेले होते. चहा होऊन गेला होता. आई लगबगीने पुढे आली.

"काय सांगला डाक्तरनी? हात बरा होल ना?"

"हात होल बरा." ढवळू बसला नाही. पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आये, दोष गंगीत नाय. भट्टीतल्या शिशाचा इख माझ्या कपड्यांतून घरात आला. मीच आणला. पोरं माझ्यापायी गेली. दुसरी बायको मना नको."

पाहुण्यांतला म्हातारा उठला, टोपी नीट केली आणि पायवाटेला लागला. बाकीचे त्याच्या मागे गेले. आई ओट्यावर मटकन बसली.

गंगी ढवळूकडे बघत होती. दवाखान्यातलं सगळं तिनेही ऐकलं होतं. डॉक्टरीणबाई 'कदाचित' म्हणाल्या होत्या. तेवढा एक शब्द ढवळूने गाळला होता.