मूळचा रंग

जुन्या दिल्लीतल्या एका हवेलीत पद्मजा आणि शशिकांत भिंतीवरची चित्रं साफ करत होते. कामाची रीत साधी होती. द्रावणात बुडवलेला कापूस हलकेच फिरवायचा. रंग कापसाला लागला, तर तो मागाहून कोणीतरी चढवलेला. नाही लागला, तर मूळचा.

झरोक्यात बसलेली बाई मूळचीच निघाली.

"शशिकांत, हिच्या भुवईतली खोक बघ. लहानपणी आर. के. पुरमला मी झोक्यावरून पडले होते ना, बिल्कुल तशीच."

"योगायोग असेल, यार. चलो, पुढची भिंत घेऊ."

पद्मजाच्या मनगटावर चुन्याचा पांढरा ठिपका दिसत होता. हातातल्याच कापसाने तिने तो पुसला.

ठिपका गेला नाही. मोठा झाला.

कापसाला गव्हाळ रंग लागला होता.